कवेलूखाली काय टाकता? घर गळू नये अन् माणूस घसरू नये, यासाठी आधी हे समजून घ्या

काटोल : रोहिणी नक्षत्र लागलं की काटोल तालुक्यात दोन कामं सोबतच निघतात. शेतात वखर फिरतो आणि गावात कवेलू फेरायला माणसं घरावर चढतात. वर्षभरात वानरांनी फोडलेली, वाऱ्याने सरकलेली, मांजरांच्या धावपळीत उतरलेली कवेलू मृगाच्या आत जागेवर बसली पाहिजेत, नाही तर घरातला कापूस, बियाणं आणि पोरांची दप्तरं एकाच पावसात ओली होतात.

हल्ली या कामाला एक जोड मिळाली आहे. कवेलू फेरता फेरता त्याखाली पन्नी नाही तर ताडपत्री टाकून द्यायची. घरमालकाला वाटतं, आता दहा वर्षं पाहायला नको. प्रत्यक्षात दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा थेंब पडायला लागतो. कवेलू काढून पाहिलं तर पन्नी चुरा झालेली असते, नाही तर फाटे कुजलेले असतात. यापेक्षा मोठं नुकसान माणसाचं होतं. गुळगुळीत प्लास्टिकवर थोडा ओलावा किंवा धूळ असली की पाय सटकतो आणि माणूस वळचणीवरून थेट अंगणात येतो.

म्हणून कवेलूखाली टाकायचं कापड निवडताना नुसतं "पाणी येते का" एवढंच विचारून भागत नाही. त्यावर माणूस उभा राहू शकतो का, आणि आत शिरलेलं पाणी व वाफ बाहेर जाते का, हे दोन प्रश्नही तेवढेच महत्त्वाचे आहेत.

कवेलू पाणी अडवत नाही, वाहून नेतं

कवेलूचं छत म्हणजे बंद झाकण नव्हे. एका कवेलूवरचं पाणी खालच्या कवेलूवर, तिथून त्याच्या खालच्यावर, असं करत ते वळचणीपर्यंत जातं. उतार बरोबर असेल आणि पाऊस सरळ पडत असेल, तर हे काम कवेलू एकटं करतं. वाऱ्यासोबत तिरपा पाऊस आला की पाणी सांध्यातून वर चढतं आणि आत उतरतं.

गावच्या कुंभाराचं अर्धगोल कवेलू एकावर एक नुसतं ठेवलेलं असतं. ते लवकर सरकतं, म्हणून दरवर्षी फेरावं लागतं. इंग्रजी कवेलू, म्हणजेच मंगलोरी कवेलू, यांना खाचा असतात आणि ते एकमेकांत अडकतात. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावती नदीकाठी या कवेलूंचा कारखाना काढला, तिथून ते देशभर गेले. खाचेमुळे गळती कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. एक कवेलू तडकलं तरी त्या जागेतून पाणी सरळ घरात येतं.

संत्र्याच्या या पट्ट्यात गारपिटीची भीती वेगळी सांगायला नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं होतं. गार बागेत पडते तशी कवेलूवरही पडते. त्या वेळी दुकानात कवेलू मिळेपर्यंत घर वाचवतो तो खालचा थर. सरकारी मदतीवर विसंबून राहणंही कठीण. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर अंशतः नुकसानीसाठी कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्या घराला ६,५०० रुपये ठरवले आहेत. नुसत्या गळतीने धान्य भिजलं, भिंतीला ओल आली, तर ते या १५ टक्क्यांत बसत नाही.

बाजारात काय मिळतं आणि ते किती टिकतं

साधी पन्नी : सगळ्यात स्वस्त. पाणी अडवते, पण खिळ्याच्या छिद्रापासून फाटत जाते. फुटक्या कवेलूतून ऊन लागलं की कडक होऊन तुटते. ओली झाली की साबणासारखी निसरडी होते.

खताच्या पोत्यांचा पाल : विणलेला असल्यामुळे फाटत नाही, पायालाही बरा. पण पोत्याला आतून प्लास्टिकचा लेप नसेल तर विणीतून पाणी झिरपतं. शिलाईच्या छिद्रांतून तर नक्कीच.

जुने फ्लेक्स : निवडणूक संपली की चौकातला फ्लेक्स कुणाच्या तरी कवेलूखाली जातो. फुकट मिळतो, जाड असतो, पाणीही धरत नाही. पण छपाईची बाजू गुळगुळीत असते. त्यावर पाय देणं म्हणजे ओल्या फरशीवर चालणं. शिवाय तो काही महिने रस्त्यावर टांगण्यासाठी केलेला असतो, वर्षानुवर्षं छताखाली राहण्यासाठी नाही.

विणलेली ताडपत्री : एचडीपीईच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी लेप दिलेली. हिच्यासाठी भारतीय मानक आयएस ७९०३ आहे. विकत घेताना हा क्रमांक आणि आयएसआय खूण आहे का ते पाहावं. पन्नीपेक्षा ही कितीतरी मजबूत. दोष एकच, बहुतेक ताडपत्र्या वरून गुळगुळीत असतात.

डांबरी फेल्ट : यासाठी आयएस १३२२ हे मानक आहे. थंड प्रदेशात ही पद्धत जुनी आहे. आपल्याकडचं ऊन मात्र वेगळं. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा उन्हात तापलेल्या कवेलूखाली डांबर मऊ होतं, फाट्यांना चिकटतं आणि काही वर्षांत वाळून तडकतं.

छतासाठीच केलेलं विणलेलं कापड : शहरातल्या बांधकाम साहित्याच्या दुकानांत हे गुंडाळीत मिळतं. दुकानदार याला 'अंडरलेमेंट' किंवा 'रूफिंग मेम्ब्रेन' म्हणतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं विणलेलं कापड, त्यावर पाणी अडवणारा लेप आणि वरच्या बाजूला मुद्दाम ठेवलेला खरखरीतपणा, अशी याची रचना असते. ताडपत्रीत आणि यात मुख्य फरक या वरच्या खरखरीत थराचा आहे.

'घसरत नाही' याचा खरा अर्थ

हा खरखरीतपणा दोन प्रकारे आणतात. एकात लेप गरम असतानाच त्यावर बारीक उठाव दाबतात. दुसऱ्यात वर न विणलेल्या तंतूंचा, नमद्यासारखा पातळ थर चिकटवतात. चप्पल-बुटाचा तळ त्यात रुततो आणि पकड मिळते. काही कापडांची खालची बाजूही खरखरीत असते, म्हणजे कापड स्वतःच लाकडावरून सरकत नाही.

पण घसरण कमी होते म्हणजे माणूस पडतच नाही, असा अर्थ काढू नये. कापडावर माती बसली की पाय मातीवर असतो, कापडावर नाही. आपल्याकडे मे महिन्यात वावधन सुटलं की अर्ध्या तासात काळ्या मातीचा थर बसतो आणि त्यावर दोन थेंब पडले की चिखल. म्हणून चढण्याआधी कापड झाडून घेणं आणि ओलं असताना न चढणं, हे नियम महागड्या कापडालाही लागू आहेत.

दुकानातच एक साधी परीक्षा करता येते. कापडाचा तुकडा फळीवर ताणून धरायला सांगा, फळी घराच्या उताराएवढी तिरपी करा, वर पाणी शिंपडा आणि ज्या चपलेने छतावर चढणार ती त्यावर दाबून सरकवून पाहा. ताडपत्री आणि छताचं कापड दोन्ही असं तपासलं की फरक हातालाच कळतो. टाकताना खरखरीत बाजू वर आली पाहिजे, हेही ध्यानात ठेवावं.

जीएसएम बोलून नाही, तोलून घ्या

कापडाची जाडी जीएसएममध्ये सांगतात. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. दुकानदार तोंडाने काहीही सांगो, वजनकाटा खोटं बोलत नाही.

२० बाय ३० फुटांची ताडपत्री म्हणजे ६०० चौरस फूट, जवळपास ५५.७ चौरस मीटर. ती १२० जीएसएमची असेल तर वजन साधारण ६ किलो ७०० ग्रॅम भरलं पाहिजे. काट्यावर ४ किलोच भरली तर ती फक्त ७२ जीएसएमच्या आसपास आहे. लांबी-रुंदीही टेपने मोजावी. काठ दुमडून शिवल्यावर माप फूट-दीड फूट कमी भरणं नवं नाही.

कापड किती लागेल, हिशेब घराचा नाही, पाख्यांचा

घर २० बाय ३० फूट आहे म्हणून तेवढीच ताडपत्री आणली, तर ती हमखास कमी पडते. छत तिरपं असतं आणि भिंतीच्या बाहेरही येतं.

समजा आढं ३० फुटांच्या बाजूने आहे आणि दर दोन फुटांना एक फूट उतार आहे. आढ्यापासून भिंत १० फूट, वळचण बाहेर २ फूट, म्हणजे आडवं अंतर १२ फूट. तिरपं मोजलं तर ते सुमारे १३.४ फूट होतं. लांबीत दोन्हीकडे दोन-दोन फूट धरले की ३४ फूट. एका पाख्याचे झाले ४५६ चौरस फूट, दोन्हींचे मिळून ९१२. त्यात एकावर एक चढवायच्या कापडाचे १५ टक्के धरले की १,०५० चौरस फुटांच्या घरात आकडा जातो. म्हणजे घराच्या मापापेक्षा पावणेदोन पट. आधीच हिशेब केला तर शेवटच्या दिवशी उरलेल्या कोपऱ्यात पन्नीचे तुकडे जोडायची वेळ येत नाही.

टाकायची पद्धत : पाण्याला वाट ठेवा

चांगलं कापड चुकीचं टाकलं तर साध्या पन्नीएवढंही काम करत नाही. मिस्त्री कामावर असताना घरमालकाने या गोष्टी पाहाव्यात.

पहिली पट्टी वळचणीला, आडवी. त्यावरची पट्टी खालच्या पट्टीवर किमान सहा इंच चढली पाहिजे. आढ्याकडून सुरुवात केली तर वरची पट्टी खाली जाते आणि पाणी सरळ सांध्यात शिरतं. लांबीत जोड द्यायचा असेल तर एक फूट चढवावं आणि तो जोड फाट्यावर यावा, अधांतरी नको. उतार कमी असेल तर याहून जास्त चढवावं.

कापडाचं खालचं टोक भिंतीच्या बाहेर पडलं पाहिजे. अनेक घरांत ते भिंतीवरच संपतं. मग कवेलूतून आलेलं सगळं पाणी भिंतीच्या डोक्यावर जमा होतं आणि मातीची भिंत वरून फुगते.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. फाट्यांवर कापड ताणून टाकतात आणि त्यावर कवेलूच्या आडव्या रिपा ठोकतात. आता आत आलेलं पाणी कापडावरून खाली वाहायला लागलं की पहिल्याच रिपेला अडतं. बांधाला अडावं तसं. तिथे ते साचतं, खिळ्याच्या छिद्रातून थेंब थेंब उतरतं आणि रीप बारा महिने ओली राहते. उधईला आणखी काय पाहिजे?

यावर उपाय स्वस्त आहे. कापड टाकल्यावर प्रत्येक फाट्यावर, फाट्याच्याच दिशेने, एक इंच जाडीची उभी पट्टी ठोकायची आणि तिच्यावर आडव्या रिपा. म्हणजे कापड आणि रिपा यांच्यामध्ये इंचभर फट राहते आणि पाणी त्याखालून निघून जातं. खिळेही फाट्यावरच्या उंच जागी येतात, पाण्याच्या वाटेत येत नाहीत. उभ्या पट्ट्यांचा खर्च झेपत नसेल तर दोन फाट्यांच्या मध्ये कापडाला बोटभर झोळ ठेवावा. पाणी त्या झोळातून रिपेखालून वाहतं. झोळ वीतभर मात्र होऊ देऊ नये, त्यात पाणी तुंबतं.

घराला घाम येतो, त्याचीही वाट पाहा

नुसत्या कवेलूचं घर श्वास घेतं. चुलीचा धूर आणि भाताची वाफ फटींतून निघून जाते. खाली प्लास्टिक आलं की ती वाट बंद होते. हिवाळ्याच्या रात्री घरातली वाफ थंड प्लास्टिकला लागून थेंब बनते आणि फाट्यांवर पडते. पाऊस नसताना घर गळतं, असं लोक सांगतात ते हेच. टिनाच्या घरात हा प्रकार आणखी जास्त, आणि तो नेमका कापूस घरात भरून ठेवायच्या दिवसांत.

वाफ जाऊ देणारं पण पाणी न येऊ देणारं कापडही निघालं आहे. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत १९५५ मध्ये पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंपासून असा शोध लागला आणि १९६७ पासून 'टायव्हेक' नावाने ते विकलं जाऊ लागलं. असं कापड महाग पडतं. साधं लेपाचं कापड किंवा ताडपत्री वापरायची असेल तर आढ्याजवळ, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, जाळी लावलेला झरोका ठेवावा. एक वारा आत घेतो, दुसरा बाहेर सोडतो.

चुलीच्या वर आणि धुराड्याच्या भोवती प्लास्टिकचं कोणतंही कापड नको. ते आग लवकर धरतं. स्वयंपाकघराचा तेवढा भाग टिनाचा करावा. आणि कापड टाकलं की त्याच आठवड्यात कवेलू चढवावं. प्रत्येक कापड किती दिवस उघडं राहू शकतं हे कंपनी गुंडाळीवर लिहिते. उन्हात त्यापेक्षा जास्त ठेवलं तर पैसे पाण्यात.

चढण्यापूर्वी पाच मिनिटं

गळती आठवते ती पहिल्या पावसात. मग माणूस ओल्या छतावर, संध्याकाळच्या उजेडात, एकटा चढतो. तहान लागल्यावर विहीर खोदायची ही सवय इथे जिवावर बेतते.

काम उन्हाळ्यातच, कोरड्या छतावर आणि सकाळी करावं. खाली एक माणूस शिडी धरायला हवाच. शिडी वळचणीच्या वर तीन फूट निघालेली असावी, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो. कवेलूवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी किंवा आढ्याला अडकवलेली शिडी टाकून तिच्यावरून चालावं. सिमेंटचा पत्रा जुना झाला की वरून धड दिसतो आणि पायाखाली फुटतो. कमरेला दोर बांधून तो आढ्यावरून पलीकडे नेऊन झाडाला किंवा पक्क्या खांबाला बांधावा, कुजक्या फाट्याला नाही. विजेची तार छताला लागून गेली असेल तर आधी महावितरणच्या लाइनमनला सांगून पुरवठा बंद करून घ्यावा. आणि घेतलेल्या माणसाला कितीही विनवणी केली तरी वर चढू देऊ नये.

माणूस पडलाच तर त्याला लगेच उठवून बसवू नका. मान आणि पाठ हलली तर मणक्याची इजा वाढते. आहे तसा ठेवून १०८ ला फोन करावा. काटोलहून नागपूरचं मेडिकल सुमारे ६० किलोमीटर आहे. मोटरसायलीवर मध्ये बसवून नेलेला रुग्ण तिथे पोहोचेपर्यंत इजा वाढलेली असू शकते.

कागद आजच पाहून ठेवा

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण आहे. वय १८ ते ७० हवं. या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. कवेलू फेरायचे दिवस नेमके तेच. मे अखेरीस खात्यात २० रुपये आहेत का, एवढं बँकेत पाहून यावं.

सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वयाची अट १० ते ७५ वर्षं. अपघातांच्या यादीत उंचावरून पडून झालेला अपघात आहे. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. घरचं दुःख असताना हे दिवस कसे निघून जातात कळत नाही, म्हणून मुदत आधीच माहीत असलेली बरी. पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवावेत.

मिस्त्री आणि मजुरांनी वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. नोंदणी असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाखांची मदत आहे. दुसऱ्याच्या घरावर चढणाऱ्या माणसाकडे हे कार्ड आहे का, हे घरमालकानेही विचारायला हरकत नाही.

मृग तोंडावर आहे. कवेलूखालचं कापड एकदा झाकलं गेलं की पुन्हा कुणाला दिसत नाही, त्यामुळे ते टाकताना जे पाहायचं ते आत्ताच. वजन काट्यावर, खरखरीत बाजू वर, पाण्याला खाली वाट, वाफेला झरोका आणि माणसाच्या कमरेला दोर.